नऊ नंबरच्या खोलीची साक्ष

भिंतीसमोर तिपाईवर ठेवलेलं यंत्र दिसायला अगदीच बापुडवाणं होतं. शिवणयंत्राच्या झाकणासारखा करडा डबा, पुढे गाईच्या डोळ्याएवढी एक काच, आणि मागून निघालेली वायर खिडकीखालच्या प्लगात. प्लग सैल होता म्हणून रंगूमामा शिपायांनी त्याच्या फटीत काडेपेटीचा तुकडा खुपसून दिला होता. राज्यातल्या अकराशे महाविद्यालयांची झोप उडवणारा भित्तिश्रावक तो हाच, हे कुणी सांगितल्याशिवाय खरं वाटलं नसतं.

प्राध्यापक मालन शेंडगे दाराशी उभ्या होत्या. हातात नेहमीसारखी फाइल होती. आज फाइलचा काही उपयोग नव्हता, पण नऊ वर्षांत रिकाम्या हातानं उभं राहायची सवय मोडली होती. बेलदरे गावच्या या महाविद्यालयात त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून लागल्या, आणि नऊ वर्षांपूर्वी अंतर्गत गुणवत्ता समन्वयक झाल्या. समन्वयक झालेला माणूस शिकवत नाही. तो शिकवल्याचे पुरावे जमवतो.

"हे ऐकतं म्हणजे नक्की करतं काय, मॅडम?" प्राचार्य बाबरांनी विचारलं.

डॉ. फरझाना मुजावर यंत्राची काच ओढणीच्या टोकानं पुसत होत्या. त्या मिरजेच्या. आजोबा तंबोरे करायचे, त्यामुळे कोणती वस्तू कशी घुमते हे त्यांना पदार्थविज्ञानाच्या पदवीच्या आधीपासून ठाऊक होतं. गेल्या दोन महिन्यांत हाच प्रश्न त्यांना सतरा प्राचार्यांनी विचारला होता. तरी त्यांनी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं.

"चुन्याचा गिलावा मेलेला नसतो, सर. लावल्यापासून पन्नास-साठ वर्षं तो हवेतला कार्बन वायू पीत पीत दगड होत असतो. वरचा पापुद्रा कायम थोडा कच्चा राहतो. खोलीत कुणी बोललं की हवा थरथरते आणि त्या पापुद्र्यातले कण बसता बसता किंचित वेगळे बसतात. दुधावर साय धरत असताना भांड्याला धक्का लागला तर सुरकुती पडते ना? तसंच. आम्ही त्याला ध्वनिथर म्हणतो. हे यंत्र सुरकुत्या वाचतं."

"आणि सिमेंट?"

"सिमेंट बहिरं. महिन्याभरात घट्ट होतं, मग जन्मभर कुणाचं ऐकत नाही."

"म्हंजे आपल्या संस्थाचालकांगत," रंगूमामा प्लगाकडे बघत पुटपुटले. प्राचार्यांनी खोकून ते झाकलं.

"पण आम्ही तर रंग दिलाय," प्राचार्य म्हणाले. "गेल्या वर्षीच दिला. समिती येणार होती ना."

"द्या की. प्लास्टिकचा रंग म्हणजे झाकण. तो लागला की भिंतीचं ऐकणं थांबतं, पण आधी ऐकलेलं आत जसंच्या तसं राहतं. उलट बरंच. रंगाची तारीख तुमच्याच नोंदीत असते, तिथून मागं मोजता येतं. यंत्रातलं किरणपातं रंग सोलतं आणि खालचे तीन महिने वाचतं. खोलीमागं तीन महिने, तेवढीच परवानगी आहे."

हे सगळं कशासाठी, तर कागद मेला होता म्हणून. कधीकाळी महाविद्यालयांची पारख कागदावर होत असे. सभांची इतिवृत्तं, हजेरीपट, अभिप्रायाचे नमुने, वृक्षारोपणाचे फोटो. मग लेखनयंत्रं आली आणि न झालेल्या सभेचं इतिवृत्त चहा गार व्हायच्या आत तयार होऊ लागलं. त्यात एका सदस्याचा सौम्य मतभेदही असे, खरेपणासाठी. न लावलेल्या झाडांच्या फोटोत सावल्यासुद्धा अचूक पडू लागल्या. शेवटी उच्चशिक्षण पारख मंडळानं सगळे कागद रद्द केले आणि असा साक्षीदार शोधला, जो कुणाच्या कह्यात नाही. भिंतीला नोकरी नसते, बढती नसते, सासर नसतं.

मंडळाचे लोक भोळे मात्र नव्हते. माप कुठलंही काढा, माणसं आधी ते माप पढवतात, हे त्यांना माहीत होतं. झालंही तसंच. तीन वर्षांपूर्वी भित्तिश्रावक जाहीर झाला आणि सहा महिन्यांत रिकाम्या वर्गांतून आदर्श तासांच्या ध्वनिफिती वाजू लागल्या. मग डॉ. मुजावरांनी यंत्राला गर्दीखूण शिकवली. माणसांची शरीरं, कपडे, दप्तरं आवाज पितात. रिकाम्या खोलीत तो भिंतीवर आपटून परत येतो. बोलणारा सोडून वर्गात माणसं किती होती, हे भिंत बरोबर सांगते. फितीवरचा तास आणि रिकामी खोली असं एकत्र सापडलं की ती पढीक भिंत. एक पढीक भिंत, आणि पदवी देण्याचा अधिकार गेला. तिथं दयामाया नव्हती.

दुसरं माप होतं थांबांक. शिक्षकानं प्रश्न विचारल्यावर स्वतःच उत्तर देण्याआधी तो किती सेकंद थांबतो.

"एवढंच?" समितीचे अध्यक्ष डॉ. सत्यपाल यांनीसुद्धा नेमणुकीच्या दिवशी विचारलं होतं म्हणे. ते परराज्यातले निवृत्त कुलगुरू, सभ्य आणि गुडघेदुखीनं बेजार.

"एवढंच," मुजावर म्हणाल्या होत्या. "बाकी सगळं घोकता येतं. समोरच्याला उत्तर येईल असं मनापासून वाटल्याशिवाय थांबता येत नाही." राज्याची सरासरी पाऊण सेकंद होती.

बेलदऱ्याची नवी इमारत सिमेंटची, म्हणजे बहिरी. चुन्याच्या खोल्या उरल्या होत्या तीन, मागच्या जुन्या रांगेत. नियम असा, की त्यातली एक समन्वयकानं निवडायची आणि महाविद्यालयाची लाज तिच्यावर सोपवायची. प्राचार्यांना सात नंबर हवी होती, कारण ती मोठी. मालनताईंनी नऊ नंबरचा हट्ट धरला. नऊ वर्षांत त्यांनी कशाचा हट्ट धरला नव्हता, म्हणून प्राचार्य गप्प बसले.

नऊ नंबर देवकुळे सरांची खोली होती. सर पदार्थविज्ञान शिकवायचे. एकतीस वर्षं त्याच खोलीत, त्याच फळ्यावर. छताच्या पंख्याचा हूक रिकामा होता, कारण पंखा जळाला तेव्हा सरांनी नवा बसवू दिला नाही. हुकाला मीटरभर दोरी बांधून तिच्या टोकाला खोलीचं पितळी कुलूप लटकवलं आणि म्हणाले, हा माझा दोलक. सर चर्चासत्रांना गेले नाहीत, शोधनिबंध छापले नाहीत. स्वमूल्यमापनाच्या सोळा पानी अर्जात 'आपण वर्षभरात काय केले' या रकान्यात ते एकच शब्द लिहीत: शिकवले. मालनताई तो अर्ज हातात घेऊन त्यांच्याकडे जायच्या. सर, पुरावा जोडा. सर म्हणायचे, बाई, पोरं आहेत की. मालनताई म्हणायच्या, पोरं फाइलला लावता येत नाहीत. आणि मग त्यांना सोळापैकी दोन गुण देऊन त्या आपल्या खुर्चीत परत यायच्या. सलग सात वर्षं त्यांनी हे केलं. सरांची बढती त्या दोन गुणांपाशी अडून राहिली. गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेर सर निवृत्त झाले, जूनमध्ये गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि खोलीला कुलूप लागलं, तेच दोलकाचं.

म्हणून नऊ नंबर. मालनताईंना वाटलं, ज्या भिंतींनी एकतीस वर्षं ऐकलं त्या आता सोळापैकी सोळा देतील. महाविद्यालय वाचेल आणि सरांचंही काहीतरी फिटेल. एका दगडात दोन पक्षी मारायची ही कामकाजी सवय. तिच्यावर त्यांचा अजून विश्वास होता.

महाविद्यालय वाचणं ही साधी गोष्ट नव्हती. इथला पदवीचा अधिकार गेला तर पुढचं महाविद्यालय साठ किलोमीटरवर. मुलगे जातील, दोस्ताची गाडी पकडून नाहीतर खोली घेऊन. तीनशे चाळीस मुली जाणार नाहीत. पहिल्या महिन्यात एस.टी. चुकेल, दुसऱ्या महिन्यात घरचे म्हणतील, राहू दे आता, आणि तिसऱ्या महिन्यात कुणीतरी पाहुणे येतील. हे मालनताईंना कुणी सांगायची गरज नव्हती. शेंडगे वस्तीवरून डोक्याला पदर बांधून चार मैल चालत याच महाविद्यालयात आलेली पहिली पोरगी त्याच होत्या.

यंत्रानं चाळीस मिनिटं घेतली. हातभर रुंदीच्या पट्ट्यातला फिकट पिवळा रंग सोलला गेला, खालचा चुना दिसला, कुणाच्या पाठीवरची वाळलेली खपली काढावी तसा. मग डब्यातून अरुंद कागदाची पट्टी बाहेर आली. डॉ. मुजावरांनी ती वाचली. पुन्हा वाचली. चष्मा कपाळावर सरकवला आणि मालनताईंकडे न बघता म्हणाल्या, "आपण ऑफिसात बसू या का?"

प्राचार्यांच्या खोलीत केळी वेफर्स, काजू आणि भडंग मांडलं होतं. समितीसाठी. त्याला कुणी हात लावला नाही. पट्टीवरचं मुजावरांनी सावकाश वाचून दाखवलं. तीन महिन्यांत एकूण तास एक्कावन्न. शिकवणारा आवाज एकच, पुरुषाचा. तेरा तासांना बेचाळीस माणसांची गर्दीखूण. उरलेल्या अडतीस तासांना शून्य. थांबांक दहा सेकंद.

"दहा?" प्राचार्यांचा चेहरा उजळला.

"दहा. प्रत्येक वेळी दहाच. नऊ नाही, अकरा नाही. माणूस असा थांबत नाही, सर. फीत थांबते." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "शिवाय अकरा तासांना दाराशी एक माणूस चार-पाच मिनिटं उभा आहे. आत येत नाही, बसत नाही. यंत्राच्या मते तो फीत चालू-बंद करणारा. आणि तुमच्या हजेरीपटावर त्या अडतीसही दिवशी बेचाळीसच्या बेचाळीस मुलं हजर आहेत. निष्कर्ष मी काढत नाही, यंत्रच छापतं."

शेवटच्या ओळीत छापलं होतं: पढीक भिंत.

अध्यक्षांनी गुडघा चोळला. त्यांना वाईट वाटत असावं. पण वाईट वाटण्याची त्यांची ही या महिन्यातली चौथी वेळ होती.

मालनताईंना सगळ्यात आधी आठवली ती तारीख. चौदा नोव्हेंबर. त्या दिवशी नऊ नंबरला रंग लागला होता. समिती डिसेंबरात येणार म्हणून. ती मग वर्षभर पुढे गेली, पण रंग लागायचा तो लागला. त्याच्या मागचे तीन महिने म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून. म्हणजे तालमीचे महिने. समितीनं विचारलं तर काय सांगायचं, कुणी उठायचं, कुणी हसायचं, ग्रंथालय आवडतं असं कुणी म्हणायचं. त्या तालमीसाठी चुणचुणीत पोरं लागत, आणि चुणचुणीत पोरं कायम देवकुळे सरांच्या वर्गात असत.

आपण एकतीस वर्षं मोजली. यंत्र मोजणार होतं तीन महिने, आणि तेही रंगाच्या लगेच मागचे. रंग कधी देतात? समितीच्या आधी. ही एवढी गोष्ट नऊ वर्षं समन्वयक राहिलेल्या बाईच्या डोक्यात आली नाही.

"सगळीकडं हेच निघतं का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

मुजावरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सतरा कॉलेजं वाचली. रंगाखाली सगळीकडं तालीमच. तालमीतला गोंगाट, तालमीतल्या टाळ्या. मी मंडळाला लिहिलं, की आपण शिकवणं मोजतच नाही आहोत, आपल्या येण्याची तयारी मोजतोय. त्यावर उपसमिती बसली." त्या किंचित हसल्या. "पण पढीक भिंत तुमचीच पहिली. बाकीच्यांना तेवढाही उत्साह नव्हता."

अध्यक्षांनी पाऊण तासाची मुदत दिली. खुलासा द्यायचा असेल तर पुराव्यासह.

दार लावून प्राचार्य बाबर पाणी प्यायले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याही दोन पुतण्या इथंच शिकत होत्या. त्यांनी नियमपुस्तक उघडून बोट ठेवलं: गैरप्रकार एकाच व्यक्तीनं, संस्थेला अंधारात ठेवून केला असेल तर संस्थेला एक वर्षाची मुदत मिळते आणि त्या व्यक्तीचं नाव दोषींच्या यादीत जातं.

"देवकुळ्यांनी आपल्या मनानं फिती वाजवल्या, असं लिहू. हजेरीही त्यांचीच. माणूस गेलेला आहे, मॅडम. यादीत नाव आलं काय, न आलं काय."

"हजेरी त्यांची नव्हती," मालनताई म्हणाल्या. "सर तालमीच्या दिवसांचे रकाने कोरे सोडायचे. ऑफिसातून मी भरून घेतले."

"ते मला माहितीये. तुम्हाला माहितीये. भिंतीला माहीत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमचं दीड वर्ष राहिलंय. माझं ऐका."

मालनताई व्हरांड्यात आल्या. रंगूमामा बाकड्यावर बसून समितीच्या चहाचे कप मोजत होते. त्यांनी विचारलं नाही, त्यांना कळलं होतं. या इमारतीत सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते शिपायाला.

"सर फीत वाजवायचं न्हाईत, बाई," ते म्हणाले. "सरांकडं रेडिओबी नव्हता. सर सोता बोलायचं. मी झाडत असायचो ना बाहेर."

"मला ठाऊक आहे, मामा."

"व्हय. तुमीबी हुबं असायचा की दाराशी. कागद घिऊन."

ते खरंच होतं. पोरं तालमीला गेल्यावर सर रिकाम्या खोलीत तास घेतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मालनताई चिडून गेल्या होत्या. अर्जाचं विचारायचं होतं. दाराशी पोचल्या आणि पाय थांबला. दुसऱ्या वेळी अर्जाचं निमित्त केलं. तिसऱ्या वेळी निमित्तही नव्हतं. चार-पाच मिनिटं उभं राहायचं, मग घड्याळ बघायचं, मग निघायचं. आत जाऊन बाकावर बसावं असं दर वेळी वाटायचं. पण समन्वयकानं बाकावर बसल्याचं कुठल्याच रकान्यात दाखवता येत नाही. अकरा वेळा. भिंतीनं मोजून ठेवलं होतं, आणि यंत्र म्हणत होतं, हा चोर.

पाऊण तासातली वीस मिनिटं उरली असताना त्या मुजावरांकडे गेल्या आणि विचारलं, की यंत्र आकडे सोडून प्रत्यक्ष आवाज ऐकवतं का.

ऐकवतं, मुजावर म्हणाल्या. पण त्याला थेट श्रवण म्हणतात आणि ते सहसा करत नाहीत. भिंतीनं काय काय ऐकलेलं असतं. माणसांचं खाजगी असतं. म्हणून समन्वयकाची लेखी संमती लागते, आणि एकदा संमती दिली की जे ऐकू येईल ते सगळं नोंदीत जातं. निवडून काढता येत नाही. त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "त्या दाराशी उभ्या राहणाऱ्या तुम्ही, हो ना?"

मालनताईंनी अर्ज मागितला. तो एक पानी होता. नऊ वर्षांत त्यांनी किती कागदांवर सही केली होती याचा हिशेब नव्हता, आणि त्यातल्या फार थोड्यांवर लिहिलेलं खरं होतं. पेन नेहमीसारखंच चाललं.

नऊ नंबरमध्ये पाच माणसं बसली. अध्यक्ष सरांच्या खुर्चीत, प्राचार्य पहिल्या बाकावर, मुजावर यंत्रापाशी, रंगूमामा उंबऱ्यावर. मालनताई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथून त्यांना यंत्र दिसत नव्हतं, नुसती भिंत दिसत होती.

आधी सरसर असा आवाज आला, धान्य पाखडल्यासारखा. मग बाकांचा, दप्तरांचा, आणि त्यातून देवकुळे सरांचा. किंचित नाकातला, दमेकरी. पाच महिन्यांपूर्वी ज्याला पोचवून आलो त्याचा आवाज भिंतीतून येतो तेव्हा काय करायचं, हे कुणाला शिकवलेलं नसतं. रंगूमामांनी टोपी काढली.

मग दारावर टकटक. आणि मालनताईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. इतका घाईचा, इतका वैतागलेला, की त्यांना वाटलं ही कोण बाई.

"सर, पोरं पाहिजेत. तालीम आहे."

"दोन मिनिटं, बाई. एवढा झोका होऊ दे."

"झोका कुठं पळून जातोय? समिती वर्षात एकदा येते. चला रे, सगळे. हजेरीचं मी बघते, सर. तुम्ही काळजी करू नका."

बाकं सरकली. बेचाळीस जोड चपला बाहेर गेल्या. मग शांतता, रिकाम्या खोलीची, जिच्यात प्रत्येक बारीक आवाज मोठा होतो. हुकाशी दोरीची कुरकुर येत होती. जाणारी, येणारी. सरांनी घसा खाकरला आणि हजेरी घेतली. सगळी बेचाळीस नावं, एकेक करून. प्रत्येक नावानंतर थोडं थांबून, स्वतःशीच, "गैरहजर."

मग म्हणाले, "हं. तर दोरी दुप्पट लांब केली, तर झोक्याला वेळ दुप्पट लागेल का? सांगा."

कुरकुर. एक झोका. दोन. तीन. चार. पाच.

"नाही. दुप्पट नाही लागत. वेळ दुप्पट हवा असेल तर दोरी चौपट लांब करावी लागते. फुकट मिळत नाही वेळ."

डॉ. मुजावरांनी वर पाहिलं. हुकाला दोरी अजून होती, टोकाशी काही नव्हतं. त्यांनी डोळ्यांनीच तिची लांबी मोजली. "मीटरभर," त्या हळू म्हणाल्या. "एक झोका दोन सेकंद. पाच झोके दहा. ते फितीवर नव्हते थांबत. कुलपावर थांबत होते."

पुढच्या एका दिवशी दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं कळलं. चपलेचा आवाज, कागदाची सळसळ. सर बोलता बोलता थांबले.

"या की आत, शेंडगे बाई."

मग मालनताईंचा आवाज: "सर, पोरं नाहीत. बोलताय कुणाशी?"

"तासाची वेळ आहे ना. तालीम लवकर संपली, एखादं पोर मधनंच परत आलं, तर धागा सापडायला नको? रिकामं बघून माघारी जाईल ते."

चपलांचा आवाज लांब गेला. सर पुन्हा सुरू झाले.

अध्यक्षांनी हात वर करून यंत्र थांबवायला सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, आणि कुलगुरूपद भोगलेला माणूस ज्या स्वरात बोलतो त्या स्वरात विचारलं, की श्रीमती शेंडगे यांना काही म्हणायचं आहे का. एरवी हा प्रश्न विचारताना ते पेनाचं टोपण लावायलाही लागत. आज लावलं नाही.

मालनताई बाकावरून उठल्या. "सरांना सोळापैकी दोन मी दिले," त्या म्हणाल्या. "तेही लिहा."

अहवाल पंधरा दिवसांनी आला. 'पढीक भिंत' हा शेरा रद्द. पदवीचा अधिकार कायम, श्रेणी मात्र सगळ्यात खालची. हजेरीपट खोटा, त्याची जबाबदारी समन्वयकाची. नऊ नंबरच्या खोलीचा थांबांक दहा; राज्यातला सर्वोच्च, मात्र अडतीस तास विद्यार्थी अनुपस्थित असल्यानं तो गुणांकनात धरलेला नाही. ही ओळ वाचून मालनताई एकट्याच हसल्या. गुणवत्तेच्या भाषेत सरांचं एवढंच व्हायचं होतं.

शेवटच्या परिच्छेदात शिक्षा होती. मंडळाची नियमावली मोठी होती, आणि ती लिहिणाऱ्यांनी शिक्षा म्हणून जे जे भयंकर सुचलं ते घातलं होतं. श्रीमती मालन शेंडगे यांना निवृत्तीपर्यंत कोणत्याही समितीवर, पदावर वा प्रशासकीय कामावर घेऊ नये. कोणताही अहवाल, नोंद वा पुरावा तयार करण्यास त्या अपात्र आहेत. त्यांना केवळ अध्यापनाचं काम द्यावं.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं आणि ओशाळून म्हणाले, "फारच कडक आहे."

"हो ना," मालनताई म्हणाल्या, आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

सोमवारी साडेदहाला त्यांनी नऊ नंबर उघडली. पहिल्या वर्षाचा वर्ग, एकतीस मुली, दहा मुलगे. नऊ वर्षांनी वर्गात उभं राहिल्यावर हातांचं काय करायचं तेच कळेना, फाइल नव्हती. भिंतीवर सोललेला पट्टा तसाच होता. तो कच्चा चुना आता उघडा होता, म्हणजे ऐकत होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली. दाराचं पितळी कुलूप काढून रंगूमामांकडून दोरीला बांधून घेतलं. वनस्पतिशास्त्राच्या तासाला हे कशाला, असं मुलींच्या तोंडावर दिसत होतं.

"बाहेरचा उंबर बघा," त्या म्हणाल्या. "चाळीस फूट आहे. शेंड्याच्या पानाला पाणी लागतं, आणि पाणी आहे मुळाशी. वर पोचवतं कोण? पंप तर दिसत नाही कुठं."

कुलूप सोडलं.

एक झोका. उत्तर त्यांच्या जिभेवरच होतं, अगदी पाठ. दोन. समोरच्या मुलींनी वही उघडून पेनं सरसावली, आता मॅडम सांगतील म्हणून. तीन. कुणीच काही बोललं नाही आणि खोली अशी अवघडली, की मालनताईंना दाराबाहेर निघून जावंसं वाटलं. तिथं उभं राहायची त्यांना सवय होती. चार. दहा सेकंद इतके लांब असतात, आणि सर रोज ते एकटे काढत होते. पाच.

पाच झाले. त्यांनी कुलूप धरलं नाही. सहावा सुरू झाला.

खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, अर्धवट पुन्हा बसत म्हणाली, "मॅडम, वारा ओढत असंल का वरून?"

वर्ग हसला. उत्तर पुरतं बरोबर नव्हतं. मालनताईंनी खडू घेतला, आणि तिचं नाव विचारून, नावासकट ते फळ्यावर लिहिलं.